ईसीएचएसची फाइल घरात कुणाला सापडते?

पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले साताऱ्याजवळचे अपशिंगे आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. घरटी एक माणूस फौजेत, अशी ख्याती असलेली गावे सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात कितीतरी आहेत. या गावांतला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर घरी येतो, शेती बघतो, बँकेत किंवा साखर कारखान्यावर सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो. त्याच्या पाकिटात एक कार्ड असते. पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या दवापाण्याची सगळी भिस्त त्या कार्डावर असते. योजनेचे पूर्ण नाव ‘एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम’, पण सगळ्यांच्या तोंडी ती ‘ईसीएचएस’.

योजना भक्कम आहे, हे आधी सांगायला हवे. १ एप्रिल २००३ रोजी ती सुरू झाली आणि त्यानंतर पेन्शनवर येणाऱ्यांना तिचे सदस्यत्व बंधनकारक झाले. देशभरात योजनेची चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत, खाजगी रुग्णालये मोठ्या संख्येने पॅनेलवर आहेत आणि लाभार्थींची संख्या साठ लाखांच्या घरात आहे. वर्गणी एकदाच भरायची. २०१७च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार शिपायापासून हवालदारापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजरांसाठी ६७ हजार आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये. १ जानेवारी १९९६पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना तीही माफ. त्या बदल्यात आयुष्यभर कॅशलेस उपचार, आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. अशी हमी देणारा आरोग्य विमा बाजारात मिळत नाही.

असे असूनही माजी सैनिकांच्या मेळाव्यात आरोग्याचा विषय निघाला की त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. खाजगी रुग्णालयाने ‘ईसीएचएसचा बेड शिल्लक नाही’ म्हणून परत पाठवले. डिपॉझिट मागितले. रेफरलची, म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवणाऱ्या पत्राची, मुदत संपली म्हणून पुन्हा साठ किलोमीटर मागे जावे लागले. औषध पॉलिक्लिनिकमध्ये नव्हते. बिल भरले, पण परतावा अर्धाच आला.

या तक्रारींत एक बाब सहसा नजरेतून सुटते. ज्याच्या नावाचे कार्ड असते, त्याला नियम बऱ्यापैकी ठाऊक असतात. पण कार्ड ज्या रात्री खरोखर लागते, त्या रात्री तो स्वतः स्ट्रेचरवर असतो. धावपळ करतात ती त्याची पत्नी, सून किंवा शेजारचा पुतण्या. आणि त्यांना पॉलिक्लिनिकचा फोन नंबर माहीत नसतो, रेफरल म्हणजे काय ते माहीत नसते, कधी कधी कार्ड कोणत्या कपाटात आहे हेही माहीत नसते. म्हणून पुढची माहिती माजी सैनिकांइतकीच त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

रुग्णालये टाळाटाळ का करतात?

कारण समजले तर उपाय सापडतो. ईसीएचएसचा रुग्ण खाजगी रुग्णालयात बरा होऊन घरी जातो तेव्हा रुग्णालयाच्या हाती पैसे आलेले नसतात. रुग्णालय बिल आणि कागदपत्रे ऑनलाइन चढवते. २०१२पासून सुरू झालेल्या या व्यवस्थेत ‘यूटीआय-आयटीएसएल’ ही संस्था बिले तपासते, कागद अपुरा असेल तर शेरा मारून परत पाठवते. मग ईसीएचएसचे रिजनल सेंटर मंजुरी देते आणि त्यानंतर रक्कम जमा होते. निधी कमी पडला की ही साखळी तुंबते. थकबाकी वाढली की रुग्णालये आधी ‘बेड नाही’ म्हणू लागतात, मग काही पॅनेलमधूनच बाहेर पडतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ साली ईसीएचएसच्या कामगिरीचे लेखापरीक्षण केले. बिलांना होणारा उशीर, औषधांची टंचाई आणि पॉलिक्लिनिकमधला मनुष्यबळाचा तुटवडा यांवर त्यात बोट ठेवले होते. काही रुग्णालयांनी जादा रकमा लावल्याचेही त्यात नोंदवले होते.

दुसरे कारण दरांचे. ईसीएचएस रुग्णालयांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘सीजीएचएस’ योजनेच्या दराने पैसे देते. हे दर वर्षानुवर्षे जुनेच राहिले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये सीजीएचएसने त्यांत मोठी सुधारणा केली. ‘एनएबीएच’ मानांकन नसलेल्या रुग्णालयाला १५ टक्के कमी दर मिळतो, आणि लहान शहरांचा दर महानगरापेक्षा कमी असतो. म्हणजे पुण्या-मुंबईत पॅनेलवरची रुग्णालये सहज सापडतात आणि तालुक्याच्या गावी, जिथे माजी सैनिक राहतात तिथे, ती विरळ होत जातात. ही व्यवस्थेची उणीव आहे आणि ती सरकारनेच दूर करायची आहे. तोवर घरच्या माणसांनी आपल्या हातात असलेला वेळ वाया जाऊ देऊ नये.

ठरवून करायचे उपचार: रेफरल नीट वाचा

मोतीबिंदू, गुडघ्याची शस्त्रक्रिया, अँजिओग्राफी, एमआरआय यांसारख्या तातडीच्या नसलेल्या उपचारांची वाट पॉलिक्लिनिकमधूनच जाते. तिथला वैद्यकीय अधिकारी तपासतो आणि गरज असेल तर पुढे पाठवतो. जवळच्या लष्करी रुग्णालयात सोय आणि जागा असेल तर तिकडे, नसेल तर पॅनेलवरच्या रुग्णालयात. पॅनेलवरच्या रुग्णालयांपैकी कोणते, हे निवडण्याचा हक्क रुग्णाचा असतो. ‘यांनाच पाठवतो’ असे कुणी म्हणाले तर यादी मागावी.

रेफरलचा कागद हातात आला की तिथेच, खिडकीसमोर उभे राहून तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे. दुसरी, कोणत्या विभागासाठी आणि कशासाठी पाठवले आहे: केवळ सल्ला, तपासणी, की भरती आणि शस्त्रक्रिया. तिसरी, नाव आणि कार्ड क्रमांक बरोबर आहे का. हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी दिलेल्या रेफरलवर अँजिओप्लास्टी होत नाही. डॉक्टरांनी पुढची प्रक्रिया सुचवली की पुन्हा पॉलिक्लिनिकची मान्यता लागते. हा दुसरा हेलपाटा बहुतेकांना अनपेक्षित असतो. तज्ज्ञाने शस्त्रक्रिया सुचवली तर त्याच दिवशी त्याचा लेखी सल्ला शिक्क्यासह घ्यावा आणि पॉलिक्लिनिकला फोन करून तो कसा पाठवायचा ते विचारावे. सीजीएचएसच्या दरयादीत नसलेल्या प्रक्रियेसाठी आणि महागड्या इम्प्लांटसाठी आधी मंजुरी लागते, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

औषधांचा नियम वेगळा आहे आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. पॅनेलवरच्या रुग्णालयातल्या ओपीडीत तज्ज्ञाने चिठ्ठी लिहून दिली, तरी ती औषधे रुग्णालयाच्या दुकानातून मोफत मिळत नाहीत. चिठ्ठी घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये यावे लागते. तिथे औषध नसेल तर ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, अशी नोंद चिठ्ठीवर करून घ्यावी. ती नोंद नसताना बाहेरून घेतलेल्या औषधाचा दावा करणे अवघड जाते. डॉक्टरांना कंपनीच्या नावाऐवजी घटक औषधाचे, म्हणजे जेनेरिक नाव लिहायची विनंती केली तर ते पॉलिक्लिनिकमध्ये मिळण्याची शक्यता वाढते.

दोन सवलती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पंचाहत्तरी पार केलेल्या लाभार्थींना प्रत्येक वेळी रेफरल न घेता पॅनेलवरच्या तज्ज्ञाकडे थेट जाण्याची मुभा दिलेली आहे. ती कशी वापरायची आणि आता कोणत्या वयापासून लागू आहे, हे आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये विचारून फाइलवर लिहून ठेवावे. दुसरी, मे २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने सुरू केलेली ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडी. घरी बसून मोबाइलवर सेनादलाच्या डॉक्टरांशी बोलता येते. रक्तदाब-साखरेच्या नेहमीच्या शंकांसाठी पाटण किंवा शिराळ्याहून एसटीने जिल्ह्याच्या गावी जाण्यापेक्षा हे सोयीचे आहे. नातवंडांपैकी एकाने एकदा नोंदणी करून द्यावी.

मुले पुण्यात, नाशकात किंवा बेंगळुरूत नोकरीला असतील आणि आई-वडील काही महिने तिकडे राहणार असतील, तरी अडत नाही. कार्ड देशातल्या कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालते. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत असावी, आणि तिकडच्या पॉलिक्लिनिकचा पत्ता पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावा.

रात्री दोन वाजता: रेफरलसाठी थांबू नका

समजा, दहिवडीजवळच्या वस्तीवर रात्री दोन वाजता निवृत्त हवालदाराच्या छातीत कळ आली. सातारा साठ-पासष्ट किलोमीटर दूर. पॉलिक्लिनिक बंद. अशा वेळी ‘आधी रेफरल लागेल’ या समजुतीने सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. ईसीएचएसच्या नियमांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, श्वासाचा तीव्र त्रास, पोटातली तीव्र वेदना, गंभीर अपघात, विषबाधा, सर्पदंश अशा जीवघेण्या अवस्था आणीबाणी मानल्या आहेत. तेव्हा रेफरल लागत नाही. थेट जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठायचे. वाहन नसेल तर १०८.

रुग्णालय पॅनेलवरचे असेल तर काउंटरवर कार्ड दाखवून एवढेच स्पष्ट सांगावे: “इमर्जन्सी भरती आहे, ईसीएचएसचा पेशंट आहे, पोर्टलवर माहिती चढवा.” भरतीची ही माहिती ४८ तासांच्या आत ऑनलाइन पाठवण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. तरीही घरच्यांनी सकाळी पॉलिक्लिनिकला स्वतः फोन करावा, कोणाशी बोललो ते नाव आणि वेळ लिहून ठेवावी. पॅनेलवरच्या रुग्णालयाने ईसीएचएस रुग्णाकडून डिपॉझिट घेणे करारात बसत नाही. मागितलेच तर ही मागणी लेखी द्या, असे शांतपणे सांगावे आणि पॉलिक्लिनिकच्या ओआयसींना, म्हणजे प्रभारी अधिकाऱ्यांना, त्याच वेळी फोन लावून द्यावा. बहुतेकदा या एका फोनने प्रश्न मिटतो. रुग्णाची प्रकृती पाहता पैसे भरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पक्की पावती घ्यावी. पावतीविना दिलेल्या रोख रकमेचा पुढे पुरावा उरत नाही.

जवळ पॅनेलवरचे रुग्णालय नसेल, तर पॅनेलबाहेरच्या रुग्णालयातही आणीबाणीत भरती होता येते. मात्र तिथे कॅशलेस नाही. बिल आधी स्वतः भरायचे, नंतर परतावा मागायचा. अशा भरतीची माहिती ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला देण्याची जबाबदारी रुग्णाच्या घरच्यांची आहे, आणि सर्वाधिक दावे याच पायरीवर अडखळतात. फोन करावाच, पण त्याबरोबर ईमेल किंवा लेखी अर्जही द्यावा. त्यात रुग्णाचे नाव, कार्ड क्रमांक, रुग्णालयाचे नाव, भरतीची तारीख-वेळ आणि काय झाले ते दोन ओळींत लिहिले तरी पुरते. अर्ज प्रत्यक्ष दिला तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. रुग्ण स्थिरावल्यावर त्याला पॅनेलवरच्या किंवा लष्करी रुग्णालयात हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पुढचा खर्च खिशातून जाणे थांबते.

परताव्याचा दावा: कागद घरी नेण्याआधी तपासा

पॅनेलबाहेरच्या रुग्णालयाचा परतावा सीजीएचएसच्या दरानेच मिळतो. तीन लाखांचे बिल झाले म्हणून तीन लाख परत मिळतील, ही अपेक्षा ठेवू नये. मात्र कागद पुरे नसतील तर मिळणारी रक्कमही कमी होते किंवा दावा परत येतो. डिस्चार्जच्या दिवशी, रुग्णालय सोडण्याआधी, ही कागदपत्रे मूळ प्रतींत हाती असावीत: डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, ज्यात खोली, डॉक्टर, तपासण्या, औषधे वेगवेगळी दाखवलेली आहेत, भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची बिले, स्टेंट किंवा अन्य इम्प्लांट बसवला असेल तर त्याचे स्टिकर आणि बिल, आणि रुग्ण आणीबाणीत आला होता असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे शिक्क्यासह प्रमाणपत्र. शेवटच्या कागदावर दाव्याचे बरेच काही अवलंबून असते आणि महिन्याभराने तो मिळवणे कठीण होते. सोबत कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक आणि घटनाक्रम सांगणारा अर्ज जोडावा. पॉलिक्लिनिकमध्ये दावा देताना सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच आपल्याकडे ठेवावा.

‘रुग्णालय पॅनेलवर नाही’ एवढ्याच कारणाने दावा फेटाळला गेला, तर गप्प बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी ‘शिव कांत झा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात दिलेला निकाल इथे उपयोगी पडतो. झा हे निवृत्त केंद्र सरकारी अधिकारी आणि सीजीएचएसचे लाभार्थी. दिल्लीत हृदयावरच्या आणि मुंबईत पक्षाघाताच्या उपचारांवर केलेल्या खर्चाचा त्यांचा दावा अडला होता. रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्यावरून परतावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर घेतले होते का आणि त्याला पुरेसा पुरावा आहे का, हे पाहावे, असे न्यायालयाने सांगितले. निवृत्तांना दाव्यांसाठी हेलपाटे घालायला लावण्याबद्दलही नाराजी व्यक्त केली. हा निकाल सीजीएचएसच्या प्रकरणातला असला, तरी ईसीएचएस त्याच चौकटीवर बेतलेली योजना आहे. फेरविचाराच्या अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा.

घरातली एक फाइल

वरचे सगळे नियम पाठ करण्याची गरज नाही. जाड पुठ्ठ्याची एक फाइल मात्र हवी, आणि ती घरातल्या किमान दोघांना डोळे मिटून सापडायला हवी. तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत पॉलिक्लिनिकचा आणि ओआयसींचा नंबर, ईसीएचएसची टोल-फ्री हेल्पलाइन १८००-११४-११५, आणि आपल्या भागात पॅनेलवर असलेल्या दोन-तीन रुग्णालयांची नावे. त्यांतले हृदयविकारासाठी कोणते, हाडांसाठी कोणते, डोळ्यांसाठी कोणते, हेही पुढे लिहावे. एखादे रुग्णालय पॅनेलवर असते ते ठरावीक विभागांपुरतेच. ही यादी दर सहा महिन्यांनी पॉलिक्लिनिकमधून ताजी करून घ्यावी. जुन्या यादीवर विसंबून मध्यरात्री चुकीच्या दारात गाडी नेण्याचे प्रसंग अनेकांवर आले आहेत.

आत कार्डांच्या आणि आधारच्या प्रती, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, रक्तगट, चालू औषधांची यादी आणि मागचे महत्त्वाचे रिपोर्ट. कार्डांचे पुढून-मागून फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही असावेत.

नावातला फरक आजच दुरुस्त करून घ्यावा. सैन्याच्या रेकॉर्डमध्ये ‘शेवंता’, आधारवर ‘शेवंताबाई’, आणि जन्मतारीख दोन्हीकडे निराळी, असे पत्नीच्या बाबतीत सर्रास आढळते. माजी सैनिकाच्या हयातीत रेकॉर्ड ऑफिसकडून ही दुरुस्ती सोपी जाते. त्यांच्या पश्चात कुटुंब पेन्शन आणि कार्ड या दोन्हींसाठी एकट्या बाईला ती करावी लागते. या कामात प्रत्येक जिल्ह्यातले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. अवलंबितांची पात्रताही तपासत राहावी. मुलगा पंचविशीपर्यंत, आणि त्याआधी त्याचे लग्न झाले किंवा तो कमावता झाला तर तोवर. मुलगी लग्न किंवा नोकरीपर्यंत. अपंग अपत्य आयुष्यभर. आई-वडिलांना उत्पन्नाची मर्यादा. पात्रता संपलेल्या मुलाचे कार्ड वापरल्यास संपूर्ण सदस्यत्व अडचणीत येते.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक सावधगिरी. ऑक्टोबर २०२४पासून सत्तर वर्षे आणि त्यावरील सर्वांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झाले. ईसीएचएसच्या लाभार्थींना दोहोंपैकी एकाची निवड करता येते. आयुष्मानमध्ये वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांची मर्यादा आहे, ईसीएचएसमध्ये ती नाही. गावात शिबिर लागले, सगळे काढतात म्हणून आपणही काढले, असे करण्याआधी पॉलिक्लिनिकमध्ये विचारून घ्यावे.

तक्रार कुठे करावी?

तोंडी तक्रार हवेत विरते. पहिली लेखी तक्रार ओआयसींकडे, त्यांच्याकडून काम झाले नाही तर स्टेशन हेडक्वार्टर्सकडे, त्यानंतर रिजनल सेंटरकडे. महाराष्ट्रात ती पुणे, मुंबई आणि नागपूरला आहेत. तिथेही दाद मिळाली नाही तर दिल्लीतल्या ईसीएचएसच्या केंद्रीय कार्यालयाकडे किंवा केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ पोर्टलवर. पोर्टलवरच्या तक्रारीला क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावे लागते. तक्रारीत तारीख, वेळ, रुग्णालयाचा विभाग, काय मागितले आणि कोणत्या कारणाने नाकारले, इतकेच असावे. दावा कुठे अडला आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकारात त्याची सद्यस्थिती आणि शेऱ्याची प्रत मागता येते.

गावोगावच्या माजी सैनिक संघटनांनी यात पुढाकार घ्यायला हवा. एकट्याची तक्रार बाजूला ठेवली जाते. एकाच रुग्णालयाविरुद्ध तारखांसह दहा लेखी तक्रारी एकत्र गेल्या, तर रिजनल सेंटरला दखल घ्यावीच लागते. संघटनेच्या बैठकीत वीरपत्नींना आणि सुनांना आवर्जून बोलवावे. ध्वजदिनाच्या किंवा कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात सत्कार होतातच. त्याच मांडवात अर्धा तास काढून पॉलिक्लिनिकच्या एखाद्या अधिकाऱ्याकडून ही माहिती घरच्यांना समजावून द्यावी.

सरकारनेही रुग्णालयांची बिले मुदतीत चुकती करावीत आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पॅनेल न्यावे, हा आग्रह माजी सैनिकांनी खासदारांकडे सतत धरला पाहिजे. ज्या घरात माजी सैनिक आहे, त्या घराने मात्र सरकारची वाट न पाहता येत्या रविवारी दुपारी फाइल काढावी, पॉलिक्लिनिकचा नंबर सुनेच्या आणि मुलीच्या फोनमध्ये भरावा, आणि ४८ तासांचा नियम आजीसकट सगळ्यांना सांगून ठेवावा.